तंबोऱ्यावरचा दिवा

"दिव्यात रंग उजळतो. तिथंच बघू देत की तिला," काकू म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी शेजारच्या खोलीत तंबोऱ्याची गवसणी काढत बसले होते. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, आमच्याच दुकानातल्या डाग लागून राहिलेल्या चादरीचा. घरातल्या बहुतेक गोष्टी मला त्या पडद्याआडूनच कळल्या. माझ्याबद्दल काय ठरलं, हे मला समोर बसवून कुणी कधी सांगितल्याचं आठवत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, हळू आवाजात म्हणाली, "पण पोर घाबरंल, अक्का. एवढ्या लोकांत." त्यावर काकू हसली. "घाबरायला तिला का गायचंय? गप बसायचं आणि तारा छेडायच्या. तेवढंच तर येतंय तिला. घरात आणून बसवली की माणसं आधी रंग बघत्यात. दोन ठिकाणनं परत आलंय, इसरलीस का? हे तिसरं गेलं की मग बिजवर बघायचा." परातीत पुढची भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला, आणि तो आवाज सुरू झाला म्हणजे आमच्या घरात विषय संपलेला असे.

आमचं घर दुकानाच्या वर होतं. खाली चादरी आणि टॉवेल, वर आम्ही. मागच्या बोळात तेलुगू विणकरांची घरं होती आणि त्यांच्या मागांचा खडखडाट पहाटेपासून ऐकू येई. पाहुण्यांना पहिल्या दिवशी त्यानं झोप लागत नसे. आम्हाला मात्र बाजाराच्या सुट्टीला माग बंद पडले की जाग येई. घरात बायका आपसात कन्नडमध्ये बोलत, गिऱ्हाइकांशी मराठीत, आणि मी शाळेत नन्सशी इंग्रजीत. मला इंग्रजी शाळेत घालायची हौस अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्या हौसेचा परिणाम असा झाला की तिन्ही भाषा मला येत होत्या आणि तिन्हींत मला कुणी ना कुणी हसत असे. घरी मराठीत काही लांबलचक बोलायला गेले की चुलत भावंडं माझ्या बोलण्याची नक्कल करत आणि काकू म्हणे, "बघा, मडमीण बोलायलीय." मग मी तोंड बंद ठेवायला शिकले. तोंड बंद ठेवणाऱ्या मुलीला लोक गुणी म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तंबोरा मी याच कारणानं धरला असावा. अण्णांना गाण्याचं वेड होतं. दुकान बंद झाल्यावर वरच्या खोलीत त्यांचे चार स्नेही जमत, कुणीतरी पेटी काढी, आणि मागं तंबोऱ्याला कुणी नसे म्हणून एकदा त्यांनी मला बसवलं. मला ते फार आवडलं. गाणाऱ्याकडे सगळे बघतात, तबलजीकडे बघतात, पण तंबोरा वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. दांडी कानाशी घ्यायची, डोळे अर्धवट मिटायचे आणि चार तारांच्या आत शिरून बसायचं. माझ्या त्या वयातली ती एकच जागा, जिथं मी असूनही नव्हते. तीच जागा काकूनं मला पाहुण्यांना दाखवण्यासाठी निवडली.

गावात दर हिवाळ्यात संगीत महोत्सव होई. गिरणीजवळच्या मोकळ्या मैदानावर मांडव पडे, रात्र रात्र गाणं चाले. मंडळाकडे पैसा बेताचा, त्यामुळे बाहेरगावच्या कलावंतांना सभासदांच्या घरी उतरवण्याची पद्धत होती. अण्णा सभासद. त्या वर्षी आमच्याकडे एक वयस्क गायिका उतरायच्या होत्या. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांच्यामागे दोन तंबोरे लागत, पण त्यांची एकच शिष्या सोबत येणार होती. दुसऱ्या तंबोऱ्याला अण्णांनी माझं नाव सुचवलं होतं, तेव्हा मला आनंदच झाला होता. काकूच्या मनात त्याच वेळी दुसरं काही शिजलं असणार. अक्कलकोटच्या पलीकडचं एक घराणं होतं, आमच्यातलंच, शेती आणि आडत असलेलं. मुलाच्या आईचं नाव नीलव्वा. गेल्या दुष्काळात, गाव रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी खात होतं तेव्हा, त्यांच्या पेवात पांढरी शाळू ज्वारी होती, हे काकू सगळ्यांना सांगत असे. ते लोक महोत्सवाच्या रात्री यायचे होते. मुलगी व्यासपीठावर दिसेल. पसंत पडली तर सकाळी फराळाला घरी येतील, नाही पडली तर गाणं ऐकून परस्पर गावाकडे जातील. म्हणजे नकार आला तरी तो घराच्या उंबऱ्यापर्यंत येणार नाही. काकूच्या हुशारीचं मला आजही कौतुक वाटतं.

बाई सकाळी आल्या. कुर्डुवाडीला गाडी बदलून, इंजिनाची काजळी लुगड्याच्या काठावर घेऊन. साठी केव्हाच उलटलेली, ठेंगणा बांधा, हातात एक पिशवी. ती त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. अण्णा वाकून पाया पडले. अव्वानं चहा केला. काकूनं फळीवरचा कान तुटलेला कप काढून दिला. तो कप निराळा ठेवलेला असे. तो कुणासाठी, हे घरात कधी बोललं जात नसे आणि सगळ्यांना माहीत असे. बाईंनी कपाकडे पाहिलं, मग काकूकडे. पिशवीतून त्यांनी स्वतःचं पितळी फुलपात्र काढलं आणि चहा त्यात ओतून घेतला. "तुमचा कप ठेवा जागेवर. अजून कुणी गाणारं आलं तर लागंल," त्या म्हणाल्या. अण्णांची मान खाली गेली. काकूची नाही गेली.

दुपारी बाईंनी मला तंबोरा घेऊन समोर बसवलं. मी तारा छेडल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि पिशवीतली एक पातळ लाकडी पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर मारली. "कुत्र्याला गोंजारतीस काय? सारखं वाजव. एकीला जास्त, एकीला कमी, असं नको. घरात करतात तसं नको करू इथं." त्या मला दिवसभर उमा म्हणाल्या नाहीत, कधी 'ए इंग्रजी' म्हणाल्या, कधी नुसतंच 'ए'. त्यांची शिष्या, चाळिशीतली, कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिच्या पेरांवरचे घट्टे माझ्यापेक्षा जुने होते. जेवायला त्या दिवशी हुग्गी केली होती, गव्हाची खीर, वर तूप. बाईंनी एक घास खाल्ला आणि शिष्येला म्हणाल्या, "तू खाऊ नको. रात्री झोप येईल." तिनं वाटी बाजूला सारली. तिच्याकडे बघता बघता माझीही हुग्गी गार झाली.

संध्याकाळी काकू बाईंजवळ जाऊन बसली. आवाज गोड करून म्हणाली, "बाई, आमची पोर जरा पुढं बसवा की. तुमच्या पाठीमागं नको, बाजूला. आमची माणसं येणारायत बघायला."

"काय बघायला?"

"पोरगीच की. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला सगळं समजतंय."

बाईंनी पान लावत विचारलं, "आणि माझं गाणं?"

"ते तर हायच," काकू म्हणाली.

मी दारात उभी होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पान तोंडात घातलं आणि विषय तिथंच राहिला.

रात्री मला अव्वाची अंजिरी इरकल नेसवली. चेहऱ्यावर पावडर काकूनं स्वतः लावली, मानेपर्यंत. लावता लावता सांगत होती, "त्या भोपळ्याच्या दांडीमागं तोंड लपवू नको. दांडी जरा लांब धर, गालापासून. मान खाली चालंल, पण तोंड झाकायचं नाही." मैदानावर पोचल्यावर तिनं मांडववाल्याला बाजूला घेऊन काही सांगितलं. त्यानं एक मोठा दिवा खांबावरून सोडवला आणि माझी जागा होती त्या बाजूला, अगदी जवळ, बांधला. कडाक्याची थंडी होती. लोक शाली, चादरी, कानटोप्या घेऊन बसले होते. मागच्या बाजूला भजी तळली जात होती आणि तळणीचा वास मांडवभर फिरत होता. त्या सगळ्या थंडीत फक्त माझ्या जागेवर ऊन पडल्यासारखं झालं होतं.

पुढच्या सोफ्यावर ते लोक बसलेले मला दिसले. नीलव्वा मध्ये, कपाळावर ठसठशीत विभूती, अंगावर भारी शाल. तिच्या एका बाजूला मुलगा, तेल लावलेल्या केसांचा, दिसायला बरा. तो माझ्याकडे बघत होता आणि मधूनमधून शेजारच्या मित्राच्या कानाशी लागत होता. दुसऱ्या बाजूला, सोफ्यावर नव्हे, खाली सतरंजीवर, त्या घरची थोरली सून बसली होती. मांडीवर झोपलेलं मूल. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. आधीच्या वादकाचं चाललं होतं तेव्हा तिला डुलकी लागली. नीलव्वानं समोर बघत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता, पायाच्या अंगठ्यानं आणि बोटानं तिच्या दंडाला चिमटा घेतला. सून दचकून ताठ झाली. तिनं दंड चोळलासुद्धा नाही. मी हे व्यासपीठाच्या कडेला उभी राहून पाहिलं, आणि मला कळलं की मी कुठल्या जागेसाठी पावडर लावून आले आहे. सोफ्याशेजारी सतरंजीवर अजून एक माणूस मावेल एवढी जागा होती.

बाई उशिरा बसल्या. त्यांनी मालकंस धरला. मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला लावतात. बाईंनी दोन्ही तंबोरे स्वतः लावले होते आणि लावून झाल्यावर जे ऐकू आलं, ते मी घरच्या तंबोऱ्यातून कधी ऐकलं नव्हतं. पण ते फार वेळ टिकलं नाही. मी काकूनं सांगितल्याप्रमाणे दांडी गालापासून दूर धरली होती. कान तारांपासून लांब गेला. दिव्याची धग थेट तारांवर पडत होती. आणि माझं लक्ष सोफ्याकडे होतं. मान खाली होती, पण डोळ्यांच्या कडेनं मी तिकडेच बघत होते: आता नीलव्वा काय म्हणाली, आता तो का हसला. उष्णतेनं तार ढिली पडते, मध्यम खाली घसरतो, हे मला माहीत होतं. मला ऐकू मात्र आलं नाही.

बाई थांबल्या. आलापाच्या मध्यावर, तोंड उघडं असतानाच. तबलजीनं हात वर घेतला. बाई माझ्याकडे वळल्या नाहीत, लोकांकडेच बघत होत्या. ध्वनिक्षेपकात स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "ही मुलगी बघायला आलेली माणसं कुठं बसल्यात?"

कुणाला काही समजेना. पुढच्या रांगेत नीलव्वाची पाठ सरळ झाली.

"बघून झाली असंल तर तो दिवा विझवा. माझी तार उतरायलीय."

आधी एक बारीक हसू उठलं, बायकांच्या बाजूनं. मग पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी ओरडला, "अजून नाही झाली, बाई. जरा उभी करा की." आणि सगळा मांडव हसला. भजीवालाही हसत असावा. मागून झाऱ्याचा आवाज थांबला होता. मुलगा मित्राच्या खांद्यावर डोकं ठेवून हसला. नीलव्वाला क्षणभर हसावं की रागवावं समजलं नाही, मग थट्टा माझी होते आहे, त्यांची नाही, असं तिच्या लक्षात आलं आणि ती शालीत तोंड घालून हसली. सतरंजीवरच्या सुनेनं आधी सासूकडे वळून पाहिलं. मग तीही हसली. व्यासपीठाच्या कडेला अण्णा उभे होते. ते हसले नाहीत. ते दुसरीकडे बघत होते, आणि एवढ्या वर्षांनंतर मला त्या हसण्यांपेक्षा ते दुसरीकडे बघणं जास्त आठवतं.

दिवा विझला. बाईंनी हात लांब करून माझ्या मांडीवरचा तंबोरा ओढून घेतला, खुंटी पिळली, मणी सरकवला, सगळे हसत असताना तार जागेवर आणली आणि परत माझ्याकडे ढकलला. ध्वनिक्षेपकापासून तोंड वळवून एवढंच म्हणाल्या, "कानाशी धर."

मी धरला. अंधार होता. पावडर, इरकल, माझा रंग, सगळं त्या अंधारात गेलं. डोळ्यांत पाणी येत होतं, पण हात थांबवता येत नव्हता म्हणून ते पुसता आलं नाही. आणि मग बाईंनी मध्यम लावला. मी गाण्याबद्दल लिहायला शिकलेली नाही. एवढंच सांगते की तो स्वर त्यांच्या गळ्यातून आला की माझ्या कानाशी असलेल्या तारेतून, हे मला वेगळं करता येईना. त्यांचा आवाज म्हातारा होता, वर जाताना त्याला चिरा पडत होत्या आणि त्या चिरा त्या झाकत नव्हत्या. ज्या तोंडानं त्यांनी मला भर मांडवात उघडं पाडलं, त्याच तोंडातून हे येत होतं; एवढं सुंदर माणूस एवढं दुष्ट कसं असू शकतं, असं मला वाटलं, आणि मग तेही वाटेनासं झालं. गिरणीचा भोंगा मध्येच झाला तेव्हा कुणी हललं नाही. मी आयुष्यात पुढं खूप गाणं ऐकलं, मोठमोठ्या सभागृहांत ऐकलं. त्या रात्रीच्या उत्तरार्धासारखं काही पुन्हा माझ्या कानी पडलं नाही.

संपल्यावर मी पाया पडायला वाकले. बाई पिशवी आवरत होत्या. "तार उतरली ते तुला कळलंच नाही ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "कशी कळंल. दाखवून घ्यायला बसली होतीस," त्या म्हणाल्या आणि शिष्येला हाक मारून निघाल्या. ही हकीकत मी ज्यांना सांगितली, ते सगळे म्हणतात की बाईंनी तुझ्यासाठीच ते केलं, स्थळ मोडावं म्हणून. ऐकायला ते बरं वाटतं. मला तसं वाटत नाही. त्यांना त्यांची तार हवी होती. मी मध्ये होते.

स्थळ काही मोडलं नाही. सकाळी जीप दुकानासमोर उभी राहिली. काकू रात्रभर मला बोलत होती, ती जीप बघून जिन्यावरून धावत खाली गेली. अव्वानं उप्पीट टाकलं. शेंगापोळ्या आदल्या दिवशीच करून ठेवलेल्या होत्या, मनात कुणाच्या तरी आशा होती म्हणायची. मला पुन्हा पावडर लावली नाही, वेळच नव्हता. मी ताटल्या घेऊन गेले आणि भिंतीशी बसले. मुलगा पेपर वाचत होता. सून दाराशी मुलाला भरवत होती.

नीलव्वानं शेंगापोळीचा तुकडा मोडला. "आम्हाला मुलगी पसंत हाय," ती अण्णांना म्हणाली. "रंगाचं काय, ते चालतंय. रात्री मी बघत होते हिला. एवढ्या माणसांत एवढी फजिती झाली, पण पोरीनं मान वर केली नाही. तोंडातनं शब्द नाही. उठून गेली नाही, काय नाही. हातसुद्धा थांबला नाही तिचा. अशी सोसणारी पोर मिळत नाही आता, सांगते तुम्हाला." मग दाराकडे हात करून म्हणाली, "ही पहिलं वरीस सारखी रडायची. आता कुठं रडतीय? व्हय का गं?" सुनेनं मुलाच्या तोंडात घास घातला आणि "नाही रडत," म्हणाली.

काकूनं सुटकेचा श्वास सोडला. अव्वानं पदरानं डोळे टिपले. आनंदानं की कशानं, मला कधी विचारता आलं नाही. अण्णा म्हणाले, "आमची उमा पहिल्यापासून शांत आहे." त्यांचा आवाजही रात्रीसारखाच दुसरीकडे बघत होता. नीलव्वा माझ्याकडे वळली, प्रेमानंच वळली. "काय गं, वाईट वाटलं का रात्री? बोल की. आमच्या घरात बोलायला बंदी नाही."

"सुम्न कूडु," काकू माझ्या मागून पुटपुटली, म्हणजे गप बस. तिला वाटलं असावं की मी रडेन.

मी वर पाहिलं. खोलीत सगळे हसऱ्या तोंडानं माझ्याकडे बघत होते, आणि मुलानं पेपर खाली घेतला होता. माझ्या मराठीला कुणी हसेल का, हे त्या वेळी माझ्या मनात आलं नाही.

"तार उतरली होती म्हणून बाई बोलल्या," मी म्हणाले. "तुम्ही का हसलात?"